पु. ल. देशपांडे यांचा कान

पु. ल. देशपांडे यांचे नाव निघाले की आपल्याकडे आधी हसू येते, माहिती मागाहून आठवते. आज थोडी माहितीही सांगावी म्हणतो. भारतात दूरचित्रवाणी सुरू झाली तेव्हा तिच्या अगदी पहिल्या निर्मात्यांत हा मराठी विनोदी लेखक होता.

पु. ल. १९१९ साली मुंबईत जन्मले. शाळेत मास्तरकी केली, बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात मराठी शिकवले, पेटी वाजवली, नाटके लिहिली. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ या बोलपटात तर कथा, संगीत, दिग्दर्शन आणि नायक, सारे तेच. १९५५ साली ते आकाशवाणीत आले. पुढे बी. बी. सी. कडे शिकायला विलायतेस जाऊन आले आणि दिल्लीला दूरचित्रवाणीच्या कामास लागले. १५ सप्टेंबर १९५९ रोजी तिथे प्रक्षेपण सुरू झाले, तेही आठवड्यातून दोनदा, थोडा वेळ. दूरचित्रवाणीसाठी पंडित नेहरूंची पहिली मुलाखत घेतली ती पु. लं. नीच. आपल्या वर्ध्याला ते चित्र दिसण्याचा प्रश्नच नव्हता!

अशी नव्या यंत्राची जागा मिळालेली असताना हा गृहस्थ नोकरी सोडून परत आला आणि १९६१ पासून ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर उभी करू लागला. ना नटसंच, ना देखावे. एक माणूस आणि साऱ्या बिऱ्हाडांचे आवाज. लोकांना नवल वाटले. मला त्यात नवल वाटत नाही. रेडिओवर पात्राची मिशी दिसत नाही, टोपी दिसत नाही; तो कोण आहे हे त्याच्या बोलण्यावरूनच कळावे लागते. माणूस कुठे अडखळतो, कुठला शब्द ओढतो, हे पु. लं. नी कानात साठवले होते. पुढे त्यांच्या प्रयोगांची चित्रमुद्रणे झाली, ती आज मुले मोबाइलवर बघतात. पण डोळे मिटून ऐकली तरी काही उणे पडत नाही. करून बघा.

इथे शिक्षक बंधुभगिनींना एक गोष्ट सांगतो, माझ्या कमीपणाची आहे. आर्वीकडचा एक मुलगा वर्गात उभा राहून म्हणाला, “सर, मी धडा वाचून राहिलो.” वर्ग हसला. मीही हसलो, आणि वर ‘वाचतो आहे’ असे फळ्यावर लिहिले. तो मुलगा त्यानंतर कित्येक महिने तोंड उघडेना. व्याकरण मी बरोबरच लिहिले होते, बरं का.

मग एके दिवशी मी वर्गात पु. लं. चे ‘मुंबईकर, पुणेकर की नागपूरकर’ लावले. त्यात ते तिघांचीही टोपी उडवतात, पुणेकराची जरा जास्तच. आमच्या बोलीची थट्टा मला पूर्वी थोडी टोचायची. विदर्भाबाहेरच्या माणसाने हसावे हे कोणाला आवडते? पण ज्याने नीट ऐकलेच नाही त्याला अशी थट्टा जमत नाही, आणि मी तर त्या मुलाचे वाक्य पुरते ऐकलेही नव्हते. नागपूरकराचा भाग आला तसा मागच्या बाकावरून तोच मुलगा मोठ्याने हसला आणि म्हणाला,

“सर, हे आमच्या ओसरीवर येऊन बसले होते काय जी?”

आणि तेवढा भाग पुन्हा लावा म्हणाला.