आधी कथा, मग योजना



मोठी कथा पाहिली की आपण म्हणतो, कर्त्याने सारे आधीच योजून ठेवले असणार! ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटमालेविषयी ही समजूत फार दृढ आहे. डार्थ व्हेडर हा खलपुरुषच नायक ल्यूकचा पिता, हे तिचे मर्म. पण ते मर्म मुळात कथेत दिसतच नाही. आपण तिचे खर्डेच पाहू.

जॉर्ज लुकास यांनी १९७३ साली लेखनास आरंभ केला. एका खर्ड्यात हान सोलो हा हिरव्या कातडीचा परग्रहवासी होता. १९७६ साली चित्रीकरण सुरू झाले, तेव्हाही ल्यूकचे आडनाव स्कायवॉकर नव्हते, स्टारकिलर होते. १९७७ साली चित्रपट आला. त्यात वृद्ध ओबीवान ल्यूकला सांगतो, की तुझ्या पित्याला व्हेडरने मारले.

दुसऱ्या चित्रपटाचा पहिला खर्डा ली ब्रॅकेट या लेखिकेने फेब्रुवारी १९७८ मध्ये पुरा केला. त्यात ल्यूकचा मृत पिता छायारूपाने त्याला भेटतो. म्हणजे व्हेडर निराळाच! पुढच्याच महिन्यात बाई निवर्तल्या. मग लुकास स्वतः लिहावयास बसले, आणि मारणारा व मेलेला एकच ठरला. १९८० साली तो चित्रपट ‘भाग पाचवा’ म्हणून झळकला. पहिल्याच्या माथी ‘भाग चौथा’ हे शब्द चढले ते १९८१ साली!

आता ओबीवान खोटा पडला, त्याची वाट काय? १९८३ च्या चित्रपटात तो खुलासा करतो : तुझा पिता व्हेडर झाला, तेव्हाच त्याच्यातील सज्जन मेला, त्या अर्थाने मी खरेच बोललो.

याला कोणी ठिगळ म्हणतील. ठिगळ ते आहेच. परंतु या ठिगळाने कथेचा प्रश्नच बदलला. आधी दुष्टाला मारावयाचे एवढेच काम होते. आता दुष्ट झालेल्या पित्याला मारावे की माघारी आणावे, हा पेच पडला. कथा मोठी झाली ती येथे.

म्हणून ‘सारे आधीच ठरले होते’ असे म्हणण्यात कर्त्याचा गौरव नाही, असे आम्हांला वाटते. त्याने खोडले, चुकले ते सांधले, ते श्रम आपण त्यात पुसून टाकतो. आणि घरी वही उघडून बसलेल्या मुलाला उगाच वाटते, की संपूर्ण नकाशा हाती नसेल तर लिहूच नये. त्याला एवढेच सांगा : बाळा, खोडायला लाजू नकोस.