जमिनीची जनसुनावणी आणि सातबाऱ्याबाहेरची माणसे

(रहिमतपूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



भूसंपादनाची सूचना गावात येते तेव्हा ती चावडीच्या फळ्यावर लागते, वर्तमानपत्राच्या एखाद्या कोपऱ्यात छापली जाते, आणि बहुतेकांच्या ध्यानात येईपर्यंत हरकतीची मुदत निम्मी सरलेली असते. पुढे सुनावणीचा दिवस उजाडतो. अधिकारी येतात, बागायतदार पुढच्या रांगेत बसतात, एकराच्या दराची चर्चा होते. त्याच जमिनीत वर्षानुवर्षे खुरपणी-काढणी करून पोट भरणारी बाई मात्र त्या दिवशीही दुसऱ्याच्या रानात मजुरीला गेलेली असते. तिला कोणी बोलावलेलेच नसते.

अशा सुनावणीत भाग घ्यावा की नाही, हा वाद चळवळीत जुना आहे. निर्णय आधीच झालेला असतो, उपस्थित राहणे म्हणजे त्यावर लोकसंमतीचा शिक्का मारून देणे होय, असे बहिष्काराच्या बाजूने सांगितले जाते. या म्हणण्यामागे कटू अनुभव आहे. तथापि हा अधिकार कसा मिळाला आणि तो सोडल्यास नुकसान कोणाचे होते, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.

1921 साली मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तेव्हा लागू असलेल्या 1894 च्या भूसंपादन कायद्यात जमीनधारकाला संपादनालाच हरकत घेण्याचा हक्क नव्हता. तक्रार करायची ती मोबदल्याविषयी. हरकत ऐकून घेण्याचे कलम 5-अ कायद्यात आले ते 1923 साली. तेही हितसंबंधी व्यक्तीपुरतेच, म्हणजे मोबदल्यात ज्याचा वाटा निघतो त्याच्यापुरते. मजुराचा वाटा कुठेच निघत नव्हता.

यानंतर रायगडचा अनुभव पाहू. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्धच्या लढ्यात प्रा. एन. डी. पाटील अग्रभागी होते. वाळवे तालुक्यातील ढवळीचे हे सुपुत्र. या भागाला त्यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. आंदोलनाच्या रेट्यामुळे 21 सप्टेंबर 2008 रोजी पेण तालुक्यात, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील 22 गावांत, खातेदार शेतकऱ्यांचा कौल घ्यावा लागला. तो प्रचंड बहुमताने प्रकल्पाच्या विरोधात गेला. हा कौल शासनावर बंधनकारक नव्हता. तरीही त्यानंतर संपादन रेटून नेणे कठीण झाले, कायद्यातील दोन वर्षांची मुदत निवाड्याविना संपली आणि ते संपादन बारगळले. संघटित आणि नोंदलेल्या नकाराला किती वजन असते, ते येथे दिसले. मात्र त्या कौलातही विचारणा झाली ती खातेदारांनाच.

2013 च्या कायद्याने ही चौकट बरीच रुंदावली. संपादनापूर्वी सामाजिक परिणामांचे मूल्यमापन, त्यासाठी बाधित क्षेत्रात जनसुनावणी आणि अहवाल स्थानिक भाषेत प्रसिद्ध करणे आवश्यक झाले. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या क्षेत्रात राबणारे आणि ज्यांची मुख्य उपजीविका बुडणार आहे असे शेतमजूर, कुळे, वाटेकरी व कारागीर यांनाही ‘बाधित कुटुंब’ मानण्यात आले. खाजगी कंपनीसाठी 80 टक्के आणि सार्वजनिक-खाजगी भागीदारीसाठी 70 टक्के बाधित कुटुंबांच्या संमतीची अट आली. परंतु या टक्केवारीत मोजली जातात ती मुख्यत्वे जमीनधारक कुटुंबे. भूमिहीनाला संमतीचा अधिकार नाही. त्याचे म्हणणे कायद्याने ज्या मोजक्या ठिकाणी ऐकले जाते, त्यांत जनसुनावणी ही पहिली. म्हणूनच बहिष्काराची किंमत सर्वांत आधी त्याला मोजावी लागते. खातेदाराला न्यायालयाचा दरवाजा उरतो, दराची घासाघीस उरते. मजुराच्या हाती काही उरत नाही.

ही जागाही आता आक्रसत आहे. रेल्वे आणि राष्ट्रीय महामार्ग यांच्या कायद्यांना हे मूल्यमापन प्रथमपासूनच लागू नव्हते. रहिमतपुरावरून जाणाऱ्या पुणे-मिरज लोहमार्गासारख्या कामाला जमीन लागली, तर रेल्वे कायद्याखाली हरकतीसाठी 30 दिवस मिळतात, महामार्गासाठी 21. महाराष्ट्राने 2018 साली केलेल्या दुरुस्तीने सिंचन, औद्योगिक पट्टे आणि पायाभूत सुविधा यांसारख्या प्रकल्पांनाही मूल्यमापनातून सूट देण्याची वाट मोकळी केली. पुनर्वसनाच्या तरतुदी कायम राहिल्या, हे खरे. परंतु मजुराचे नाव कागदावर आणणारी पहिली पायरीच अशा प्रकल्पांपुरती काढून घेता येऊ लागली.

तेव्हा कार्यकर्त्याचे काम सुनावणीच्या मंडपात सुरू होत नाही. ते कितीतरी आधी, वस्तीवर सुरू होते. सूचना लागताच गट क्रमांक पाहून त्या जमिनीवर कोण राबते, कोण वाटेकरी आहे, कोणाची मेंढरे तेथे चरतात, कोणाचा धंदा त्या वस्तीवर चालतो, याची घरवार यादी करावी. तीन वर्षांच्या वास्तव्याचा व कामाचा पुरावा लागेल. रोजगार हमीचे जॉबकार्ड, शिधापत्रिका, मतदार यादी यांच्या नकला जमवाव्यात. प्रत्येक कुटुंबाचा अर्ज स्वतंत्र असावा आणि त्याची पोच घ्यावी. अहवाल मराठीत मिळेपर्यंत सुनावणी पुढे ढकलण्याची मागणी लेखी करावी. इतिवृत्तात म्हणणे जसेच्या तसे आले की नाही, हे तपासावे. सुनावणीची वेळ मजुरी बुडणार नाही अशी ठरवून घ्यावी, आणि ते न जमल्यास त्या दिवसाच्या बुडालेल्या मजुरीची सोय संघटनेने करावी.

ही यादी पुढेही उपयोगी पडते. उपजीविका बुडालेल्या कुटुंबाला नोकरी, एकरकमी 5 लाख रुपये अथवा 20 वर्षे दरमहा किमान 2 हजार रुपये, यांपैकी एकाचा पर्याय कायद्याने दिलेला आहे. बाधितांच्या यादीत नाव नसेल, तर यांतले काहीच मिळत नाही.

सुनावणीने प्रकल्प थांबतोच असे नाही, आणि तसा भ्रम पसरवू नये. प्रसंगी रस्त्यावर उतरावे लागेल, तुरुंगातही जावे लागेल. पण ज्यांच्या नावाने ती लढाई लढायची, त्यांची नावे निदान आपल्या वहीत तरी असली पाहिजेत. पुढच्या सुनावणीला खुरपे बाजूला ठेवून ती बाई मंडपात आली, स्वतःचे नाव सांगून बोलली आणि ते बोलणे कागदावर उतरले, तर या अभ्यासवर्गाचे सार्थक झाले असे समजावे.