मांडव उतरल्यानंतरचा हिशेब

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



लग्नसराई तोंडावर आली आहे. येथें बसलेल्यांपैकीं कित्येकांच्या घरीं यंदा कार्य असेल. कार्य निघालें कीं आपण पहिल्यानें काय विचारतों? आपल्या पेटींत किती आहे, हें विचारीत नाहीं. भाऊबंदानें गेल्या सालीं किती केलें, हें विचारतों. त्याचीं पांचशें पानें उठलीं तर आपलीं सातशें उठलीं पाहिजेत. त्याच्या दारांत बॅंड वाजला तर आपल्या दारांत डीजे पाहिजे. खर्चाचा आंकडा असा दुसऱ्याच्या मांडवांतून येतो, आणि आपल्या पेटींत जितकें कमी पडतें तितकें सावकार भरून देतो.

येथें एक गोष्ट साफ सांगितली पाहिजे. शेतकरी लग्नांत पैसा उधळतो म्हणूनच तो कर्जबाजारी होतो, असें शहाणे म्हणविणारे लोक फार दिवसांपासून सांगत आले आहेत. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांतील रयतेनें सावकारांचीं खतें हिसकावून जाळलीं; सुपें गांवच्या बाजारांत त्याची सुरुवात झाली. त्या दंग्याच्या चौकशीसाठीं सरकारनेंच नेमलेल्या कमिशननें हा आरोप तपासला, आणि कर्जाचें कारण म्हणून लग्नखर्चास वाजवीपेक्षां जास्त महत्त्व दिलें गेलें आहे, असा अभिप्राय दिला. तेव्हां आमच्या दारिद्र्याचें सारें खापर कोणी आमच्याच मांडवावर फोडूं लागला तर त्याला तसें करूं देऊं नये. पडलेल्या भावाचा जाब ज्याला विचारावयाचा त्याला विचारलाच पाहिजे.

परंतु पाऊस आपल्या हातीं नाहीं, बाजारभाव आपल्या हातीं नाहीं. मग जी एक दोरी आपल्या हातांत आहे ती तरी आपण कां सोडावी?

आतां हिशेब करूं. समजा, तीन एकरांच्या धन्यानें लेकीच्या लग्नासाठीं चार लाख रुपये शेंकडा तीन दरानें उचलले. महिन्याचें व्याज बारा हजार, वर्षाचें एक लाख चव्वेचाळीस हजार. पावणेतीन वर्षांत व्याजच जवळजवळ मुद्दलाएवढें होतें, आणि मुद्दल जागच्या जागीं उभें! पोरगी सासरीं नांदते, तिच्या कडेवर मूल खेळतें, आणि इकडे बाप अजून तिच्या हळदीचें व्याज भरीत असतो. परवान्यावांचून सावकारी करणें २०१४ सालच्या महाराष्ट्राच्या कायद्यानें गुन्हा आहे खरा. परंतु रात्रीं गुपचूप पैसे मोजून घेणारा आपणच असलों, तर सकाळीं तक्रार कोण नेणार?

या पैशांतून आपण काय घेतों तेंही पाहा. आहेराच्या साड्याच घ्या. त्या नेसण्यासाठीं नसतात, देण्यासाठीं असतात, हें माझ्यापेक्षां मायबहिणींना ठाऊक आहे. घडी न मोडतां तीच साडी या घरून त्या घरीं फिरते, आणि दुकानदाराशिवाय तिचा उपयोग कोणास झाला तें सांगतां येत नाहीं. टोपी-टॉवेलाची तीच गत. पुढाऱ्यांच्या शुभाशीर्वादासाठीं मुहूर्त टळतो, अन्न निवतें, आणि नवरानवरी उन्हांत ताटकळतात. त्याच पुढाऱ्याच्या शालीचे व फलकाचे पैसे मुलीचा बाप देतो! सुताराच्या घरीं एका रात्रीच्या डीजेचे पैसे आणि रंधा मारण्याच्या यंत्राची किंमत शेजारीं शेजारीं मांडून पाहा. यंत्र त्याच्या मुलाच्या हातींही काम देईल.

कोणी म्हणेल, हुंडा आतां राहिला कोठें? १९६१ च्या कायद्याप्रमाणें हुंडा देणें व घेणें दोन्ही गुन्हे आहेत. म्हणून नांव बदललें. आतां वरपक्ष मोठ्या सौजन्यानें म्हणतो, "आम्हांला कांहीं नको, फक्त लग्न तेवढें चांगलें करून द्या." या 'चांगलें' शब्दाच्या पोटांत किती गुंठे जमीन गडप होते, तें मुलीच्या बापाला विचारा.

दहाव्या-तेराव्यालाही आतां हीच रीत लागली आहे. दुखण्यांत घर आधींच धुऊन निघालेलें असतें. डोळ्यांतलें पाणी खळलेलें नसतें. तोंच किती माणूस जेवलें याची चौकशी सुरू होते.

हें सारें कोणाच्या भयानें? "लोक काय म्हणतील!" हे लोक कोण, याचा विचार करा. ते जेवतात, भाजींत मीठ कमी होतें असें म्हणतात, आणि दिवस मावळायच्या आंत आपापल्या घरीं जातात. हप्त्याच्या दिवशीं त्यांतला एकही दारांत दिसत नाहीं. आणि गंमत अशी कीं, हाच माणूस स्वतःच्या घरीं कार्य निघालें म्हणजे आपल्याला भितो. त्याच्या लेखीं 'लोक' म्हणजे आपणच! आपण एकमेकांना भितों आणि एकमेकांना बुडवितों.

हें भय मोडणारीं माणसें आपल्यांतच होऊन गेलीं. सत्यशोधक समाज १८७३ सालीं पुण्यास निघाला. त्याच वर्षीं २५ डिसेंबर रोजीं त्या पद्धतीचें पहिलें लग्न लागलें, तें केवळ पानसुपारीच्या खर्चांत. लग्न लागलें नाहीं असें झालें काय? गाडगेबाबा परीट कुळांतले. मुलीच्या बारशाला भाऊबंदांस दारू-मटण घालण्याची चाल त्यांनीं मोडली आणि साधें गोड जेवण घातलें. भाऊबंद रागावले, बाबा डगमगले नाहींत. मामाची जमीन सावकाराच्या घशांत जातांना त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली होती. १९५६ सालीं देह ठेवीपर्यंत कर्ज काढून सण करूं नका, असें ते गांवोगांव कीर्तनांतून सांगत राहिले.

काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे. पाहुण्याला भाकरी घाला, लेकीला लुगडें घ्या, घरचा आनंद घरच्या ऐपतीनें करा. परंतु एकट्या गरिबानें साधें लग्न केलें तर त्याला भिकारी म्हणतील, हें मला कळतें. म्हणून सुरुवात बागाइतदारानें, मास्तरानें, सरपंचानें केली पाहिजे. ज्याला ऐपत असून त्यानें साखरपुड्यांतच लग्न उरकलें, त्याच्यामागें दहा गरीब मान वर करून तेंच करतील.

तेव्हां भावकीनें एके रात्रीं बसून एवढें ठरवावें. कर्ज काढावयाचें तें विहिरीसाठीं, बैलासाठीं, हत्यारासाठीं, मुलांच्या शिक्षणासाठीं. जेवणावळीसाठीं एक रुपयाही नाहीं. आहेर घेऊं नये व देऊं नये. तेराव्याला घरचे व जवळचे, एवढेंच पान. खर्चाचा आंकडा सुपारी फोडण्यापूर्वीं कागदावर मांडावा, आणि तो घरच्या कारभारणीला विचारून मांडावा. कारण हप्ता थकला म्हणजे पहिल्यानें तिच्याच गळ्यांतला डाग मोडतो. आणि दुसऱ्याच्या मांडवांत जेवतांना भाजीला नांव ठेवूं नये. हें शेवटचें कलम पाळण्यास तर एक पैसाही लागत नाहीं.

आज येथून उठण्यापूर्वीं यंदा ज्यांच्या घरीं कार्य आहे त्यांनीं एकमेकांशीं बोलावें. दोन घरें तयार झालीं तरी पुष्कळ. तिसऱ्याला मग तितकें भय वाटणार नाहीं.