जागेची वाटणी आपण करायची



  

परिषदेच्या अध्यक्षानं संगणक-ग्राफिक्सच्या क्षेत्राचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. मी तो घेईन, पण एकाच विषयाच्या वाटेनं. कित्येक वर्षं मनात साठलेली ही गोष्ट आज या व्यासपीठावरून बोललो नाही, तर मग कधी बोलणार?

बीएसपी ट्री, केडी-ट्री, ऑक्ट्री, बाउंडिंग व्हॉल्यूम हायरार्की दृश्याची वाटणी करणाऱ्या रचनांची ही सगळी नावं आपल्या अभ्यासक्रमात आहेत, पण ती 'व्याख्या लिहा, आकृती काढा' एवढ्यापुरतीच. मुलं आकृती घोटून येतात, चौकोनाचे चार चौकोन करतात आणि गुण घेऊन जातात. स्वतःच्या हातानं एक तरी ट्री बांधलेला विद्यार्थी मला क्वचितच भेटतो. आणि आता आपलेच सहकारी म्हणू लागलेत की ग्राफिक्स कार्डच ट्री बांधतं, तो शिकवायची गरजच उरलेली नाही. माझा या म्हणण्याला ठाम विरोध आहे.

बीएसपी ट्रीची कल्पना आली कुठून ते आधी पाहू. १९६९ साली शूमाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या हवाई दलासाठी सिम्युलेटरमधल्या दृश्यांचा अभ्यास केला. दृश्य स्थिर असेल तर कुणामागे कोण दडतं याचा हिशेब आधीच करून ठेवता येतो, हे त्यांनी ओळखलं. १९८० साली फुक्स, केडेम आणि नेलर यांनी त्याला ट्रीचं रूप दिलं.

तो कसा बांधतात हे समजायला कागद-पेन्सिल पुरते. चार भिंतींचा नकाशा काढा. एक भिंत निवडा आणि तिची रेघ दोन्ही टोकांना कागदाच्या कडेपर्यंत वाढवा. उरलेल्या भिंती तिच्या पुढे किंवा मागे पडतील. एखादी मध्ये कापली गेली, तर तिचे दोन तुकडे करा आणि ज्याची बाजू त्याला द्या. मग दोन्ही बाजूंना हेच करत जा. आता डोळा कुठेही ठेवा. प्रत्येक नोडपाशी, म्हणजे निवडलेल्या प्रत्येक भिंतीपाशी, विचारायचं एवढंच की डोळा या रेघेच्या कोणत्या बाजूला आहे. पलीकडची बाजू आधी रंगवायची, मग ती भिंत, मग अलीकडची बाजू. डोळा हलला तरी ट्री तोच राहतो, बदलतो तो चालण्याचा क्रम.

पहिली भिंत कोणती निवडायची, इथेच विद्यार्थ्याची खरी परीक्षा असते. निवड चुकली की तुकडे वाढत जातात. त्रिमितीत अगदी वाईट दृश्य समोर आलं, तर तुकड्यांची संख्या मूळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात जाते, हे पॅटरसन आणि याओ यांनी १९९० साली सिद्ध केलं. व्याख्या पाठ असलेल्या मुलाला हे वाक्य सांगता येतं. ट्री बांधलेल्या मुलाच्या डोळ्यांदेखत तुकडे वाढलेले असतात, म्हणून तो दुसऱ्यांदा भिंत निवडताना थांबून विचार करतो.

१९९३ साली 'डूम' हा खेळ आला. ३८६ आणि ४८६ प्रोसेसरच्या संगणकांवर तो पळत होता, तो याच ट्रीच्या जोरावर. त्यात क्रम उलटा होता: जवळच्या भिंती आधी काढायच्या आणि पडद्यावरचे उभे पट्टे भरले की मागचं सगळं सोडून द्यायचं. त्या काळी मुलं रात्ररात्र जागून असले प्रयोग करायची. आपल्या प्रोग्रॅममध्ये डोळा फिरवल्यावर भिंती पहिल्यांदा बरोबर एकमेकींमागे गेल्या, की अख्खी प्रयोगशाळा त्या मॉनिटरभोवती गोळा व्हायची. तो आनंद आजच्या मुलांच्या वाट्याला येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

रे ट्रेसिंगमध्ये तर ट्रीशिवाय पानच हलत नाही. किरण कशाला लागतो हे शोधण्यातच साध्या दृश्यात ७५ टक्के आणि गुंतागुंतीच्या दृश्यात ९५ टक्क्यांहून अधिक वेळ जातो, असं टर्नर व्हिटेड यांनी १९८० सालच्या आपल्या निबंधातच नोंदवलं होतं. हा वेळ वाचतो तो दृश्याची वाटणी शहाणपणानं केल्यावर. मधोमध कापणं म्हणजे शहाणपण नव्हे. दृश्याचे भाग पेट्यांत बसवले, तर मोठ्या पेटीत शिरलेला किरण आतल्या छोट्या पेटीला लागण्याची शक्यता साधारणपणे त्या दोन पेट्यांच्या पृष्ठफळांच्या गुणोत्तराइतकी असते. गोल्डस्मिथ आणि सॅल्मन यांनी १९८७ साली, मॅकडोनाल्ड आणि बूथ यांनी १९९० साली त्यावरून खर्चाचा हिशेब मांडला. तो हिशेब सांगतो की रिकामी जागा लवकर वेगळी काढा आणि गर्दी लहान पेट्यांत कोंडा. निम्मे त्रिकोण इकडे, निम्मे तिकडे, अशी समसमान वाटणी इथे पुष्कळदा महागात पडते.

कालच्या परिसंवादात 'जागा वाटावी की वस्तू' हा वाद रंगला. जागा वाटणारे केडी-ट्रीवाले आणि वस्तू वाटणारे बाउंडिंग व्हॉल्यूमवाले दोघेही हिरिरीनं बोलले. मला एका वाहनउद्योगातल्या कारखान्याचं काम आठवलं. इंजिनाच्या मॉडेलमध्ये एक लांब, बारीक, तिरकी नळी होती. केडी-ट्रीत ती इतक्या कप्प्यांतून गेली की तिचेच त्रिकोण पुन्हापुन्हा नोंदवून मेमरी फुगली. बाउंडिंग व्हॉल्यूममध्ये तिच्या त्रिकोणांच्या पेट्या एवढ्या मोठ्या झाल्या की आत बहुतेक हवाच. आम्ही वस्तू वाटल्या, आणि जिथे पेटी फारच रिकामी दिसली तिथे तेवढी जागाही कापली. काम झालं. तेव्हापासून माझ्यापुरता हा वाद संपला आहे. समोरचं दृश्य पाहून वाटणी ठरवायची, पक्ष पाहून नव्हे.

आता 'कार्ड बांधतं' या मुद्द्याकडे येतो. २०१८ सालापासून किरण आणि पेट्यांची गाठ घालणारे खास भाग बाजारातल्या ग्राफिक्स कार्डांत आले. ट्री आतून कसा बांधायचा ते ड्रायव्हर ठरवतो, प्रोग्रॅमरला तो उघडून पाहता येत नाही. पण या ट्रीच्या दोन पातळ्यांपैकी खालच्या पातळीवर कुठले त्रिकोण एकत्र बांधायचे आणि वरच्या पातळीवर काय मांडायचं, हे आजही प्रोग्रॅमरच ठरवतो.

पुण्यात इमारतींची दृश्यं तयार करणाऱ्या एका कचेरीनं मला बोलावलं होतं. गृहसंकुल मोठं, कार्ड नवं कोरं, तरी चित्र अडखळत होतं. आणखी महागडं कार्ड मागवायचं जवळजवळ ठरलंच होतं. तिथल्या एका तरुण इंजिनियर मुलीनं वरच्या पातळीवरच्या सगळ्या पेट्या पडद्यावर रेघांनी काढून दाखवल्या. सगळ्या एकमेकींवर बसलेल्या! मॉडेल बाहेर काढताना गट मटेरियलप्रमाणे पडले होते. साऱ्या संकुलाचे स्टीलचे कठडे एका गटात, खिडक्यांच्या काचा दुसऱ्यात, झाडांची पानं तिसऱ्यात. त्यामुळे प्रत्येक गटाची पेटी म्हणजे अख्खं संकुल. किरण कुठूनही सोडला तरी तो सगळ्या पेट्यांत शिरणार आणि बहुतेकींतून रिकाम्या हातानं परतणार. तिनं गट इमारत आणि मजल्याप्रमाणे पाडले. कार्ड तेच राहिलं आणि चित्र सुरळीत चालू लागलं. हे तुला कसं सुचलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "सर, कॉलेजात आम्हाला बाउंडिंग व्हॉल्यूमचा ट्री कागदावर बांधायला लावला होता. पेट्या एकमेकींवर आल्या की काय होतं ते तेव्हाच कळलं."

मित्रहो, जे शिक्षण कालबाह्य झालं असं आपण म्हणतो, त्यानंच त्या कचेरीचा पैसा वाचवला. कार्ड पेट्या झपाट्यानं तपासतं, याबद्दल मला आदर आहे. पण नको त्या पेट्या झपाट्यानं तपासूनही वेळ वायाच जातो.

परिषदेनं काही कामं हाती घ्यावीत, अशी माझी इच्छा आहे. कागदावरच्या सरावापासून सुरुवात करणारी एक मराठी पुस्तिका व्हावी. सर्व महाविद्यालयांना वापरता येतील अशी काही नमुना दृश्यं जमवावीत. त्यांत एक तिरकी नळी असावी आणि एक गृहसंकुलही. शिक्षकांसाठी कार्यशाळा घ्याव्यात. तपशील कार्यकारिणीनं ठरवावा.

पण एका कामाला कार्यकारिणीची वाट पाहायची गरज नाही. अभ्यासमंडळांवर आपल्यातलेच लोक बसतात, प्रश्नपत्रिकाही आपणच काढतो. आपल्या हातातली ही गोष्ट इतकी वर्षं आपण केली नाही, ही माझी तक्रार आहे आणि ती मी इथे बसलेल्या प्रत्येकाकडे करतो. येत्या परीक्षेत 'ऑक्ट्रीची व्याख्या लिहा' हा प्रश्न काढून टाका. त्या जागी एक नकाशा द्या, आणि लिहा: ट्री बांधा, आणि पहिली रेघ तिथेच का मारली ते सांगा.