हैदराबादचे बलून आणि द्रव्याचे कोडे



हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंतच्या दिवसांत हैदराबादहून कधीकधी प्रचंड आकाराचे बलून सोडण्यात येतात. अत्यंत पातळ प्लॅस्टिकचे, हायड्रोजन वायूने भरलेले हे बलून तीस ते चाळीस किलोमीटर उंचीपर्यंत चढतात. काम आटोपले की उपकरणांची पेटी बलूनपासून वेगळी होते आणि मोठ्या रंगीत हवाई छत्रीच्या आधाराने सावकाश खाली उतरते. ती कोठे उतरेल हे वाऱ्यावर अवलंबून. विशाखापट्टणम, हैदराबाद आणि सोलापूर यांना जोडणाऱ्या रेषेच्या आसपास, हैदराबादपासून दोनशे ते साडेतीनशे किलोमीटरपर्यंत ती कोठेही येऊ शकते. म्हणजे सोलापूर, धाराशिव, लातूर, नांदेड या आपल्या जिल्ह्यांतील एखाद्या ज्वारीच्या शेतातही!

अशी पेटी उतरली की गावात नाना तर्क सुरू होतात. कोणी बॉम्ब म्हणतो, कोणी हेरगिरीचे यंत्र. वस्तुतः ही उपकरणे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून पाठविलेली असतात. त्यांवर पत्ता लिहिलेला असतो. पेटी उघडू नये, जागेवरून हलवू नये, आणि जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा पेटीवरील पत्त्यावर कळवावे, एवढीच संस्थेची विनंती असते. काही उपकरणांत उच्च दाबाची वीज असते. ती उघडणे जिवावर बेतू शकते. पेटी सुरक्षित राखणाऱ्यास संस्था योग्य ते बक्षीस आणि कळविण्याचा खर्च देते. सरपंच, तलाठी आणि शिक्षक यांनी ही माहिती गावात आधीच दिलेली असेल, तर घबराट टळते आणि कित्येक महिन्यांचे संशोधनही वाचते.

परंतु एवढ्या उंचीवर ही उपकरणे पाठवायचीच कशासाठी? आज त्यांचा उपयोग मुख्यतः खगोलशास्त्रासाठी आणि वातावरणाच्या अभ्यासासाठी होतो. या कामाचा उगम मात्र विश्वकिरणांच्या संशोधनात आहे. अंतराळातून पृथ्वीवर अहोरात्र वेगवान कणांचा वर्षाव होत असतो. १९१२ साली ऑस्ट्रियाचे व्हिक्टर हेस स्वतः बलूनमध्ये बसून वर गेले आणि उंचीबरोबर हे किरण वाढतात असे त्यांनी दाखविले. तीस किलोमीटरवर गेले की वातावरणाचा जवळजवळ नव्व्याण्णव टक्के भाग पायाखाली राहतो, आणि मूळचे कण वाटेत हवेशी आदळून मोडण्यापूर्वीच हाती लागतात.

डॉ. होमी भाभा हे विश्वकिरणांचे मोठे अभ्यासक. त्यांनी स्थापन केलेल्या टाटा संस्थेचे बलून पुढे उस्मानिया विद्यापीठाच्या आवारातून उडू लागले. निजामी राजवटीत मराठवाड्यातून कितीतरी विद्यार्थी ज्या विद्यापीठात शिकावयास जात, तेच हे विद्यापीठ. हैदराबादची निवड सहेतुक होती. विषुववृत्तानजीकच्या या प्रदेशात पृथ्वीचे चुंबकत्व कमी ऊर्जेचे कण परतवून लावते. येथे पोहोचतात ते केवळ अतिशय जोमदार कण. गव्हातले खडे निसर्गच निवडून देतो, असे म्हणावयास हरकत नाही. शिवाय शहर द्वीपकल्पाच्या मध्यावर असल्याने पेटी समुद्रात पडण्याचे भय नाही.

विश्वकिरणांतच १९३२ साली अमेरिकेचे कार्ल अँडरसन यांना पॉझिट्रॉन हा कण आढळला. वस्तुमान इलेक्ट्रॉनइतकेच, विद्युत्भार मात्र उलटा. इंग्लंडचे डिरॅक यांनी गणिताच्या आधारे असा कण असला पाहिजे असे आधीच सुचविले होते. प्रत्येक कणास असा उलट भाराचा जोडीदार असतो, आणि अशा जोडीदारांच्या द्रव्यास प्रतिद्रव्य म्हणतात. द्रव्य आणि प्रतिद्रव्य भेटले की दोन्ही नाहीसे होतात आणि त्यांची ऊर्जा प्रकाशाच्या किंवा इतर कणांच्या रूपाने बाहेर पडते.

येथून एक अवघड प्रश्न उभा राहतो. विश्वाच्या आरंभीच्या प्रखर उष्णतेत द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारख्याच प्रमाणात निर्माण झाले असले पाहिजेत. मग त्यांनी परस्परांस संपवून टाकले असते, आणि ना सूर्य, ना पृथ्वी, ना हा श्रोतृवृंद उरला असता! हिशेब असा सांगतो की, सुमारे एक अब्ज जोड्यांमागे द्रव्याचा एखादा कण जास्त होता. बाकीचे नष्ट झाले. उरलेल्या त्या कणांतून आजचे सारे विश्व घडले. तो जादा कण आला कोठून? रशियाचे आंद्रे साखारोव्ह यांनी १९६७ साली दाखविले की, यासाठी निसर्गाने द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्यात थोडासा पंक्तिप्रपंच केलेला असला पाहिजे. तो कोठे आणि किती, हे शोधणे आले.

आकाशातून येणारे कण यास पुरत नाहीत. ते केव्हा येतील, कोणते येतील यावर कोणाची सत्ता नाही. कोरडवाहू शेती आणि पाटाचे पाणी यांत जो फरक, तोच विश्वकिरण आणि कणांची टक्कर घडविणारे यंत्र यांत. यंत्रात हवे ते कण, हव्या त्या ऊर्जेने आणि हव्या तितक्या वेळा परस्परांवर आदळविता येतात.

जपानमधील त्सुकुबा येथे असे एक यंत्र आहे. सुमारे तीन किलोमीटर परिघाच्या भुयारात एका दिशेने इलेक्ट्रॉन आणि उलट दिशेने पॉझिट्रॉन फिरवून त्यांची टक्कर घडवितात. टकरीतून बी-मेसॉन नावाचा कण आणि त्याचा प्रतिकण अशी जोडी जन्मते. दोघांचे आयुष्य सेकंदाच्या एक लक्ष कोटीव्या भागाच्या जेमतेम दीडपट. कोण आधी मोडला आणि कोण नंतर, यातच निसर्गाचा पक्षपात दिसावयाचा. पण इतका सूक्ष्म काळ मोजावा कसा?

येथे शास्त्रज्ञांनी मोठी सुंदर युक्ती योजिली. दोन्ही झोतांची ऊर्जा त्यांनी मुद्दाम असमान ठेविली: इलेक्ट्रॉनांची सात अब्ज, पॉझिट्रॉनांची चार अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट. उभ्या असलेल्या पाण्याच्या टँकरमधून थेंब गळू लागले तर ते एकाच ठिकाणी पडतात, आणि कोणता आधी पडला हे सांगता येत नाही. टँकर चालू असेल, तर थेंब रस्त्यावर अंतराअंतराने पडतात आणि ते अंतर मोजून मधला काळ काढता येतो. असमान ऊर्जेमुळे बी-मेसॉनची जोडी पुढे ढकलली जाते आणि काळाचे रूपांतर अंतरात होते. ते अंतरही मिलिमीटरच्या सुमारे आठव्या भागाइतकेच. ते टिपण्यासाठी टकरीच्या जागेभोवती सिलिकॉनच्या पट्ट्यांचे थर बसविलेले आहेत, आणि त्यांतील एक थर जोडण्याचे काम मुंबईच्या टाटा संस्थेच्या गटाने केले. टकरी किती झाल्या याची मोजदाद करताना इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या ज्या परस्परविक्षेपाचा आधार घेतात, त्याचे गणित भाभांनीच मांडले होते. १९३६ साली ते प्रसिद्ध झाले, आणि आजही ती क्रिया त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

त्सुकुबाच्या 'बेल' या पहिल्या प्रयोगात सुमारे सत्याहत्तर कोटी जोड्या तपासण्यात आल्या. २००१ साली बेलने, आणि अमेरिकेतील तशाच एका प्रयोगाने, बी-मेसॉन आणि त्याचा प्रतिकण यांच्या वागणुकीत भेद असल्याचे सिद्ध केले. जपानचे कोबायाशी आणि मास्कावा यांनी १९७३ साली मांडलेला सिद्धान्त त्यामुळे खरा ठरला आणि २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सीमेवरील सत्तावीस किलोमीटर परिघाच्या यंत्रावर २०२५ साली असाच भेद प्रोटॉनच्या गोत्रातील एका जड कणातही प्रथमच दिसला. तो होता सुमारे अडीच टक्के.

मग कोडे सुटले काय? नाही. आतापर्यंत सापडलेला सारा पक्षपात एकत्र केला, तरी विश्वातील द्रव्याचा हिशेब लागत नाही. तो कोट्यवधी पटींनी तोकडा पडतो. याचा अर्थ आपल्या ज्ञानाबाहेरचे काहीतरी शिल्लक आहे. शाळेतील पुस्तकांत विज्ञान बहुधा पूर्ण झालेल्या इमारतीसारखे दाखविले जाते. विद्यार्थ्यांना अशी अर्धवट राहिलेली भिंतही दाखविणे शिक्षकांना सहज शक्य आहे.

दुष्काळी भागातील शेतकरी विचारील की, यातून आम्हांस काय मिळणार? प्रश्न रास्त आहे. विश्वकिरणांत सापडलेला पॉझिट्रॉन आज कर्करोगाच्या तपासणीसाठी वापरला जातो. मुंबईत परळ येथे २००२ साली भारतातील असे पहिले तपासणी यंत्र सुरू झाले. मात्र शोध आणि भारतातील हा उपयोग यांत सत्तर वर्षे गेली, आणि अँडरसन यांच्या मनात रुग्णालय नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आजच्या प्रयोगांतून उद्या काय हाती येईल याची हमी देणे म्हणजे लोकांची दिशाभूल होय.

बेलचा पुढील अवतार 'बेल-दोन' याने २०१९ पासून पूर्ण सज्जतेने माहिती गोळा करण्यास आरंभ केला. हैदराबादजवळ कंदी येथे असलेली आयआयटी हैदराबाद या प्रयोगात सहभागी आहे. पूर्वी पेटीच्या शोधात शास्त्रज्ञ शेताशेतांतून जीप घेऊन हिंडत. आता त्सुकुबातील टकरींची नोंद संगणकावर कंदीत पोहोचते. २०२३ साली बी-मेसॉनचा एक अत्यंत दुर्मिळ विघटनप्रकार अपेक्षेहून अधिक वेळा घडत असल्याची चिन्हे या प्रयोगात दिसली. पण ती योगायोगाने दिसली असण्याची शक्यता सुमारे पस्तीस लाखांत एक इतकी अल्प ठरल्याशिवाय शास्त्रज्ञ त्यास शोध म्हणत नाहीत, आणि ती पायरी अद्याप दूर आहे. झोत एकाएकी कोसळण्याच्या अडचणीशीही यंत्रावरील अभियंते झगडत आले आहेत. बेलच्या सुमारे पन्नासपट माहिती जमविण्याचे उद्दिष्ट आहे. त्यातील अल्प भागच आजवर हाती आला आहे.