जोर सोडा, म्हणजे अंग चालेल

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही डॉक्टर नाही की मोठा व्याख्याता नाही. शाळा नववीत सुटली आणि मी सूतगिरणीत लागलो. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. समितीच्या पोरांनी मला सांगितले, "दादा, तुम्ही कामगारांवर बोला." मी म्हणालो, बोलतो, पण अंगापासून सुरुवात करतो. कारण कामगाराकडे अंगाशिवाय दुसरे भांडवल तरी काय आहे?

आधी सगळ्यांनी एक करून बघा. लाजू नका. उजव्या हाताची मूठ घट्ट आवळा. मनगट, दंड, खांदा, सगळे ताठ करा. आता तसाच ताठ ठेवून हात कोपरात वाकवा. कसा वाकतो? थरथरत, रखडत. आता मूठ उघडा, खांदा खाली सोडा आणि परत वाकवा. अलगद वाकला की नाही? जोर कधी जास्त लागला? पहिल्या वेळी. काम कधी नीट झाले? दुसऱ्या वेळी. माझे आजचे सगळे भाषण एवढेच आहे. पुढचे फक्त स्पष्टीकरण.

स्नायूला एकच काम येते, आखडून ओढणे. त्याला ढकलता येत नाही. म्हणून आपल्या सांध्यांना समोरासमोरच्या जोड्या आहेत. दंडाच्या पुढचा स्नायू कोपर वाकवतो, मागचा सरळ करतो. पुढचा ओढतोय आणि मागच्याने पकड सोडलीच नाही, तर ती रस्सीखेच होते. दोघेही घामाघूम आणि दोरी जागच्या जागी. चार्ल्स शेरिंग्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने हे उलगडून दाखवले. एका स्नायूला 'ओढ' असा निरोप जातो, तेव्हाच त्याच्या समोरच्याला 'सोड' असाही परिणाम मज्जारज्जूतून होतो. मज्जासंस्थेवरील कामासाठी त्यांना 1932 साली एड्रियन यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे सोडणे ही आळशी माणसाची युक्ती नाही. हालचालीचा तो अर्धा भाग आहे.

चालण्याचेच बघा. आपण नुसते उभे असतो तेव्हाही पोटऱ्या काम करीत असतात. त्यांनी धरून ठेवले म्हणून आपण पुढे कोसळत नाही. पहिले पाऊल टाकताना सगळ्यात आधी काय होते? पोटरी आपली पकड सोडते. मग अंग पुढे झुकते आणि पाय त्याला झेलायला जातो. चालण्याची सुरुवात जोराने होत नाही, सोडण्याने होते. आपण ते रोज करतो, पण आपल्याला ठाऊक नसते.

आणखी एक गोष्ट. मयतीला गेलेल्यांनी बघितले असेल, काही तासांनी मढे ताठ होते. त्याचे कारण वाचले तेव्हा मी चकित झालो. स्नायूला पकड सोडायलासुद्धा शक्ती लागते. जीव गेला की ती शक्ती शरीरात तयार होत नाही, आणि स्नायू धरलेले सोडू शकत नाहीत. म्हणजे ताठपणा मढ्यालाही जमतो. सैल होणे फक्त जित्या माणसाला जमते.

आता माझे सांगतो. गिरणीत मी रिंग फ्रेमवर होतो. चाती गरगर फिरत असते. धागा तुटला की चाती थांबवायची, बॉबिनवरचे टोक शोधायचे आणि रोलरपाशी नेऊन टेकवायचे. मी नवा होतो तेव्हा दात आवळून, खांदे कानापर्यंत चढवून टोक लावायचो. लागायचे नाही. एक तुटलेले लावेपर्यंत दुसरे चार तुटायचे. मुकादमाच्या शिव्या वेगळ्या. पाळी सुटली की मान लाकडासारखी व्हायची. एकदा शेजारच्या साच्यावरचा म्हातारा कामगार म्हणाला, "अरे, सूत हाताने जोडतोस की दाताने? आधी दात सोड." मी हसलो, पण करून बघितले. जबडा सोडला तसे खांदे खाली आले, बोटे मऊ झाली आणि टोक पहिल्या झटक्यात लागले. त्या माणसाने शेरिंग्टन वाचला नव्हता. त्याच्या बोटांनी वाचला होता.

आणि त्याच्याही आधी माझ्या आईने. आपल्या बीड जिल्ह्यातल्या हजारो बायांसारखी तीही दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जायची, ती उन्हाळ्याच्या तोंडी परत. ती सांगायची, कोयता दाबायचा नाही, कोयत्याला पडू द्यायचे. आणि मोळी डोक्यावर आली की मान ताठ करायची नाही, मान उभी ठेवायची. ताठ आणि उभी यात फरक आहे, बांधवांनो. तो फरक मला कळायला पन्नास वर्षे लागली.

तो फरक फक्त कामाचा नाही. माझे आजोबा चावडीपुढून जाताना खांदे आवळून, मान खाली घालून, अंग चोरून जायचे. कुणी नुसती हाक मारली तरी त्यांच्या मुठी वळायच्या. त्या मुठी कुणाला मारायला नव्हत्या, भीतीने वळायच्या. ती भीती आमच्या अंगात उतरली. मी फॅक्टरीच्या ऑफिसात पगाराचे विचारायला जायचो तेव्हा माझेही खांदे वर चढायचे. मालक लोक म्हणतात, कामगार अंग चोरतो. त्यांना म्हणायचे असते, कामचुकारपणा करतो. मी म्हणतो, आम्ही पिढ्यान् पिढ्या अंग चोरले, पण ते मार चुकवायला. आता ते चोरलेले अंग परत मिळवायचे आहे.

तथागतांच्या जीवनात याच्या दोन गोष्टी आहेत. बोधी मिळण्याआधी त्यांनी दातावर दात दाबून, जीभ टाळूला लावून, मनाला जबरदस्तीने वाकवण्याचा प्रयत्न केला. काखेतून घाम वाहिला, पण हाती काही लागले नाही. तो मार्ग त्यांनी सोडला. दुसरी गोष्ट सोण भिक्खूची. चंक्रमण करून करून त्यांचे पाय रक्ताळले होते. त्यांना तथागतांनी वीणेच्या तारांचे विचारले. तार फार ताणली तर सूर निघत नाही, फार ढिली सोडली तरी निघत नाही. म्हणून सैल म्हणजे ढिले नव्हे. ढिल्या हाताने मोळी पडेल. ज्या स्नायूचे काम आहे त्याने करावे, बाकीच्यांनी उगाच मधे येऊ नये. मोळी उचलताना जबड्याचे काय काम? श्वास कोंडायचे काय काम? आनापानात आपण श्वासावर लक्ष ठेवतो, ते इथे उपयोगी पडते. श्वास अडला की समजावे, कुठे तरी फुकट जोर चाललाय.

आता कुणी म्हणेल, वा, मग मजुराला सैल व्हायला शिकवले की झाले! थांबा. इथेच मला भांडायचे आहे. 1986 साली शास्त्रज्ञांनी केनियातल्या डोक्यावर ओझे वाहणाऱ्या बायांची मोजणी प्रसिद्ध केली. त्या बाया स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ओझे घेऊन चालल्या, तरी त्यांना मोकळे चालण्यापेक्षा जास्त शक्ती खर्चावी लागली नाही. पुढे कळले की त्यांचे अंग लंबकासारखे झुलते आणि ती झुल त्या वाया जाऊ देत नाहीत. मोठे कौतुक वाटले. पण हिशोब करा. पाचवा हिस्सा म्हणजे पन्नास किलोच्या बाईला दहा किलो. आपल्या बाईच्या डोक्यावरची मोळी याच्या किती पट असते, ते इथे बसलेल्या आयाबहिणींनी सांगावे. आणि ती घेऊन ती फळीवरून ट्रकवर चढते. दहा किलोच्या वर कुठलेही कौशल्य फुकट नेत नाही. तिथे हाडे किंमत मोजतात.

आपल्या भाषेत 'उचल' शब्दाचे दोन अर्थ आहेत. मुकादमाकडून घेतलेली उचल आणि डोक्यावरची उचल. पहिली फिटत नाही तोवर दुसरी सुटत नाही. हे ओझे खांदे सैल करून उतरत नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, 1946 साली, बारमाही कारखान्यांचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आणणारी दुरुस्ती झाली. विश्रांती ही दया नाही, हक्क आहे, हा त्याचा अर्थ. उसाच्या फडात ते घड्याळ पोचलेले नाही. ते पोचवणे हे आपले काम आहे.

म्हणून माझी विनंती दोन आहेत. घरी गेल्यावर रोज पाच मिनिटे पाठीवर पडा आणि जबडा, खांदे, पोट, पोटऱ्या, एकेक करून सोडा. हाताला मुंग्या येत असतील, पायातली ताकद जात असेल तर मात्र माझे ऐकू नका, डॉक्टरकडे जा. आणि दुसरी, उद्या हक्क मागायला ऑफिसात जाल तेव्हा दारातच एक श्वास घ्या, मूठ उघडा, खांदे खाली सोडा आणि मग आत पाऊल टाका. मान ताठ नको. मान उभी असू द्या.