समुपदेशकाला आधी गाव शिकू द्या
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



शेतकऱ्याच्या मनाला धीर द्यायला शिकलेली मुलेमुली गावात येऊ लागली आहेत. त्यांना समुपदेशक म्हणतात. त्यांचे मन चांगले असते, पुस्तकही पाठ असते. पण कर्जाने झोप उडालेल्या माणसाला 'चार दिवस सुटी घ्या, छंद लावून घ्या' असे सांगितले, तर तो पुन्हा तोंड उघडत नाही. पऱ्हाटीवर बोंडअळी पडली असताना सुटी कसली?

आपला माणूस 'मला नैराश्य आले' असे म्हणत नाही. तो म्हणतो, जेवण जात नाही, इचार थांबत नाही. एखादा अचानक उधारी मिटवतो, बैलजोडी भावाच्या दावणीला बांधतो. ही निरवानिरव आहे, हे ज्याला ओळखता येत नाही, त्याच्या समोरून माणूस निघून जातो.

हे दुखणे आपल्यापुरते नाही. झिंबाब्वेच्या हरारे शहरात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली वस्तीतल्या आज्यांना हे काम शिकवले. दवाखान्याच्या आवारात 'मानसिक आरोग्याचा बाक' ठेवला, तर कोणी बसेना. आज्यांच्या सांगण्यावरून नाव 'मैत्रीचा बाक' केले, तेव्हा माणसे येऊ लागली. त्यांच्या शोना भाषेत या दुखण्याला 'कुफुंगिसिसा', म्हणजे अति विचार, म्हणतात. आपला 'इचार' वेगळा आहे काय?

आपल्या अमरावती जिल्ह्यातही 'विश्राम' प्रकल्पात ३० गावांत गावपातळीवरचे कार्यकर्ते कामाला लागले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, नैराश्य असलेल्या शंभरांपैकी मदत घेणारे ४ होते, ते १८ महिन्यांत २७ झाले.

म्हणून आपली मागणी अशी : महाविद्यालयांनी या विद्यार्थ्यांना पेरणीपासून वेचणीपर्यंत गावात ठेवावे. दोन दिवसांची सहल नको. त्यांनी सेवा करता करता शिकावे. विधवा बहिणीचे कागद तहसीलला न्यावेत, आजाऱ्यासोबत दवाखान्यात बसावे, बायांबरोबर कापूस वेचावा. सासऱ्यापुढे गप्प असणारी सून वेचताना बोलते, हे तिथेच कळते. राहायचे ते मोठ्या वाड्यातच नव्हे, मजुरांच्या वस्तीतही. दर आठवड्याला अनुभवी शिक्षकापुढे ऐकलेले मांडावे, स्वतःच्या समजुती तपासाव्यात. गावात मात्र कोणाचे गुपित फुटता कामा नये.

आपल्यावरही जबाबदारी आहे. या पोरांना पाहुणे म्हणून खाटेवर बसवू नका. चुकले तर तोंडावर सांगा. इथे गुरुजी आपण आहोत.

समुपदेशन हा कापसाच्या भावाला पर्याय नाही. बोलण्याने कर्ज फिटत नाही, आणि तसे कोणी म्हटले तर ठणकावून सांगा. पण भावासाठी भांडायला माणूस जिवंत राहिला पाहिजे. शेजारी निरवानिरव करताना दिसला, तर त्याला एकटे सोडू नका. त्याच्याजवळ बसा आणि १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन लावा. हे काम कोणाची वाट पाहत थांबण्यासारखे नाही.